पऱ्हाटीचा मुलूख आणि अकोल्याचे कृषिविद्यापीठ

नागपुराहून तुळजापुराकडे जाणारा हमरस्ता यवतमाळ सोडून दक्षिणेस निघाला म्हणजे आर्णीच्या पुढे महागाव लागते. पूस नदी या तालुक्यातून वाहत जाऊन पैनगंगेस मिळते, आणि पैनगंगेच्या पैलतीरावर मराठवाडा सुरू होतो. जमीन बहुतेक काळी. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच जमिनीत बैलाचा पाय गुडघाभर रुततो. वर्षाचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, आणि त्यातलाही पुष्कळसा भाग चार-दोन मुसळधार सरींतच येऊन जातो. नदीकाठचे भाग्यवान बागाईतदार वगळले तर कास्तकाराची सारी भिस्त आभाळावर. अशा जमिनीत पिढ्यान् पिढ्या कापूस आणि त्याच्या जोडीला तूर व जवारी होत आली. अलीकडे जवारीच्या जागी सोयाबीन आले.

जगातील विद्वानांच्या सभांतून आजकाल शाश्वत विकास या शब्दांचा घोष वारंवार ऐकू येतो. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने १९८७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. आजच्या पिढीने आपला निर्वाह अशा रीतीने करावा की पुढील पिढ्यांच्या निर्वाहाचे साधन खुंटू नये, असा त्याचा थोडक्यात अर्थ. हा अर्थ महागावच्या कास्तकारास नवा वाटावयाचा नाही. सरकी राखून ठेवणे आणि उकिरडा जपणे ही कामे त्याचे वाडवडील याच हेतूने करीत. प्रश्न निराळा आहे. विद्यापीठ नावाची संस्था, तिचे संशोधन आणि तिचे दूरदेशींचे स्नेहसंबंध यांचा अशा कोरडवाहू शेताच्या धुऱ्यापर्यंत उपयोग कितपत पोहोचतो? वऱ्हाडात शेतीचे शास्त्र एकदा नव्हे, अनेकदा आले. ते कोणाच्या गरजेसाठी आले आणि आल्यावर कोणाच्या हाती राहिले, हे पाहू गेल्यास अकोल्याच्या कृषिविद्यापीठाचा इतिहास केवळ एका संस्थेचा इतिहास राहत नाही.

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे डोळे या काळ्या मातीकडे लागले. रुईचे भाव न भूतो न भविष्यति असे चढले. १८६६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापसाचा खास कमिशनर म्हणून रिव्हेट-कारनॅक नावाचा अधिकारी नेमण्यात आला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते झाले. त्या वेळी या बाजूच्या कापसात नावाजलेला होता तो हिंगणघाटचा बनी. त्याचा तंतू लांब व मऊ. विलायतेत त्यास मागणी होती. परंतु बनीच्या कापसात सरकी जास्त आणि रुई कमी निघे. त्याउलट जरी म्हणून जी आखूड व राठ जात होती तिच्यातून रुई भरपूर निघे. पुढे वाफेची जीन आली. तिच्यात गावोगावचा कापूस एकत्र होऊन सरक्या मिसळल्या, आणि तीच भेसळ सरकी बियाणे म्हणून परत शेतात जाऊ लागली. काही दशकांत बनी जवळजवळ नाहीशी झाली.

सरकारी कागदांत याचे खापर बहुधा रयतेच्या आळशीपणावर फोडलेले आढळते. वास्तविक रयतेचा हिशेब चोख होता. बाजारात लांब तंतूस जो जास्त दर मिळे, त्याने कमी पडलेल्या रुईची भरपाई होत नसे. व्यापारी वजन पाहून पैसे मोजी, तेव्हा कास्तकार वजनाचीच जात पेरी. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांताच्या शेतकी खात्यात क्लाउस्टन नावाचा अधिकारी होता, त्याच्या हे ध्यानात आले. विलायतेच्या गिरण्यांस काय हवे याचा विचार थोडा बाजूस ठेवून खात्याने जरीच्याच कुळातील रोझियम नावाची निवडक जात पुढे केली; तिचा तंतू आखूडच, पण एकरी रुई व पैसा अधिक. मर रोगाने जेथे उभे पीक वाळून जाई तेथे बुरी या जातीची शिफारस झाली. जो हिशेब शेतकऱ्याने मनातल्या मनात केला होता तो शास्त्राने कागदावर मांडला, एवढेच काय ते घडले. तथापि त्या काळच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती.

याच सुमारास संस्थाही उभ्या राहत होत्या. बिहारातील पुसा येथे १९०५ साली अखिल हिंदुस्थानासाठी शेतकी संशोधनाची संस्था निघाली. तिला हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या देणगीचा आधार होता. नागपूरचे शेतकी महाविद्यालय १९०६ चे. वऱ्हाडातील प्रयोगांसाठी अकोल्यास सरकारी शेत होतेच. मुलकी व्यवस्थाही त्याच वेळी बदलली: १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला, महागावचा मुलूख ज्यात येई तो पुसद तालुका वणी जिल्ह्यास जोडला गेला आणि त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. पुढे १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने तिला कापसाच्या दर गाठीमागे काही आण्यांचा उपकर मिळू लागला. म्हणजे संशोधनाचा खर्च अखेर कापूस पिकविणाऱ्याच्याच खळ्यातून निघत होता, मग तो त्यास ठाऊक असो वा नसो. या पैशांतून अकोला व नागपूर येथे सरकीच्या निवडीचे काम चालले आणि वेरम २६२, वेरम ४३४ व त्यानंतर एच ४२० ही वाणे वऱ्हाडात आली.

परंतु त्या उपकराचे सर्वांत दूरवर गेलेले फळ निराळेच आहे, आणि ते वऱ्हाडाबाहेर, होळकरांच्या इंदुरास पिकले. १९२४ साली तेथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने जमीन दिली, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी वर्गणी दिली आणि कापूस समितीने अनुदान दिले. संस्थेचा संचालक आल्बर्ट हॉवर्ड हा पूर्वी पुसास वीस वर्षांच्या आसपास काम केलेला इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याची पत्नी गॅब्रिएल हीही त्याच योग्यतेची शास्त्रज्ञ होती. संस्थेत रसायनाचे काम यशवंत वाड यांच्याकडे होते. नेमलेले काम होते कापूस सुधारण्याचे. काम करता करता या मंडळींच्या ध्यानात आले की, जमिनीतील कस गेलेला असताना नुसत्या नव्या वाणाने फारसे साधत नाही. पीक रोगट होते ते बहुतांशी भुकेल्या मातीमुळे.

तेव्हा त्यांनी शेतातील टाकाऊ वस्तूंकडे लक्ष वळविले. मध्य हिंदुस्थानात शेण पुष्कळसे गोवऱ्या होऊन चुलीत जाते. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून फुकट जाते. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी तर निव्वळ सरपणच; तिची काडी इतकी टणक की ती खतात कुजतच नाही. या काडीवर त्यांनी केलेला उपाय कोणा कास्तकारालाच सुचावा असा होता. शेतातल्या वाटेवर पऱ्हाट्या पसरून ठेवावयाच्या; येणाऱ्याजाणाऱ्या बैलांचे खूर आणि गाड्यांची चाके त्यांच्यावरून फिरून त्यांचा भुगा होतो. हा भुगा गुरांखाली अंथरावयाचा, मूत मुरलेली गोठ्याची माती, थोडे शेण आणि राख यांच्याशी मिसळून खड्ड्यात थर द्यावयाचे, पाणी शिंपडावयाचे, आणि ठरावीक अंतराने खालीवर करावयाचे. हवा व ओलावा यांचा मेळ बसला म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, निर्गंध खत तयार होते. चीनच्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे मातीचा कस कसा टिकविला याची वर्णने हॉवर्डने वाचली होती. त्या जुन्या रीतीस इंदुरास मोजमापाचे शास्त्र लाभले.

१९३१ साली हॉवर्ड व वाड या दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इंदूर पद्धत हे नाव जगाच्या शेतीत रूढ झाले. हॉवर्ड विलायतेस परतला. १९४० साली त्याचा दुसरा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. तो वाचून इंग्लंडात लेडी ईव्ह बाल्फर हिने जिवंत मातीच्या विचाराचा पुरस्कार केला, १९४६ साली तेथे सॉइल असोसिएशन निघाली. अमेरिकेत रोडेल नावाच्या प्रकाशकाने १९४२ पासून याच विचाराचे मासिक चालविले. आज जगभर जी सेंद्रिय शेती म्हणून ओळखली जाते तिच्या वंशावळीत मूळपुरुषाच्या जागी इंदूरचा तो खतखड्डा आहे. हॉवर्डचे नाव त्या वंशावळीत प्रत्येक ठिकाणी लिहिलेले असते. वाडांचे मात्र शोधावे लागते. एका पुस्तकावर दोन नावे छापलेली असता लोकांनी एकच वाचावे, हे आपल्याकडील विद्याव्यवहाराचे जुने दुखणे म्हटले पाहिजे. आणि त्याहून खेदाची गोष्ट अशी की, ज्या गाठींच्या आण्यांतून ही विद्या निर्माण झाली त्या गाठींच्या मुलखात पऱ्हाटी चुलीतच जात राहिली. इंदूरच्या संस्थेस खेडोपाडी जाऊन शिकविण्याचे अंग नव्हते. संशोधन एका ठिकाणी, अध्यापन दुसऱ्या ठिकाणी आणि प्रचार तिसऱ्याच खात्याकडे, अशी फारकत त्या काळी सर्वत्र होती.

ही फारकत मोडून काढण्याची युक्ती अमेरिकेत आधीच सापडली होती. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, तेथील काँग्रेसने मॉरिल कायदा करून प्रत्येक राज्यास सरकारी जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावयास लावली. १८८७ च्या कायद्याने त्यांना प्रयोगक्षेत्रे जोडली गेली, १९१४ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या दारी जाणारी विस्तारसेवा. म्हणजे जो शिकवितो त्यानेच प्रयोग करावा, आणि प्रयोगाचे फळ शेतकऱ्यास सांगण्याची जबाबदारीही त्याच्याच संस्थेने घ्यावी, अशी ती रचना. स्वतंत्र भारतात राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांचा विचार मांडला, आणि १९६० साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषिविद्यापीठ या धर्तीवर सुरू झाले. भारतातील एकेका राज्यास अमेरिकेतील एकेका विद्यापीठाने साह्य करावे असे ठरले, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्यास पेनसिल्व्हानिया राज्याचे विद्यापीठ आले.

वऱ्हाडाकडे हा विचार येण्यास एक माणूसही कारण झाला. डॉ. पंजाबराव देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे. जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. विलायतेत बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, परत येऊन १९३२ साली अमरावतीस शिवाजी शिक्षणसंस्था काढली. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत ते केंद्र सरकारात शेतीखात्याचे मंत्री होते. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जे जागतिक कृषिप्रदर्शन भरले, ज्यास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही हजर राहिले, त्यामागे पंजाबरावांचीच खटपट होती. पापळच्या शेतकऱ्याने जगाचे शेत पाहावे आणि जगाने पापळचे, अशी त्यांची एकंदर वृत्ती. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ त्यांनी पाहिले नाही.

ते विद्यापीठ सुखासुखी मिळाले असेही नाही. महाराष्ट्रास कृषिविद्यापीठ द्यावयाचे ठरले, पण कोठे, यावर वाद माजला. ते अकोल्यास व्हावे म्हणून १९६७ च्या ऑगस्टात अकोल्यात आंदोलन झाले. त्यात गोळीबार होऊन तरुण मुले प्राणास मुकली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री त्या वेळी वसंतराव नाईक होते. त्यांचे गाव पुसदेजवळचे गहुली, म्हणजे महागावच्या शेजारचेच. शेती हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांचा १ जुलै हा जन्मदिवस पुढे राज्याने कृषिदिन म्हणून पाळावयास घेतला. अशा माणसाच्या कारकिर्दीत त्याच्याच विदर्भात शेतीच्या विद्यापीठासाठी रक्त सांडावे, हा योग विचित्र खरा. १९६८ साली साऱ्या राज्याचे एकच विद्यापीठ राहुरी येथे सुरू झाले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी विदर्भासाठी अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ वेगळे झाले. नाव पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असे पूर्ण करण्यात आले, तरी जुन्या नावाची अद्याक्षरे, पीकेव्ही, त्याच्या वाणांवर व यंत्रांवर कायम राहिली. १९७२ साली दापोली व परभणी येथे आणखी दोन निघाली. महाविद्यालये, प्रयोगक्षेत्रे व विस्तारसेवा ही तिन्ही कामे आता एका छत्राखाली आली. यवतमाळ येथेही विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे.

विद्यापीठाने केलेल्या कामांत कापसाचे काम साहजिकच अग्रभागी राहिले. १९७० साली सुरतेस डॉ. चंद्रकांत पटेल यांनी एच ४ हे व्यापारी लागवडीचे जगातील पहिले संकरित कापूसवाण दिले होते. त्या मार्गाने जाऊन अकोल्याने १९८१ साली पीकेव्ही हायब्रीड २ दिले. ते खास कोरडवाहू जमिनीसाठी, तुडतुडे वगैरे रस शोषणाऱ्या किडींस तोंड देणारे होते, आणि पुढील वीस वर्षे विदर्भात त्याची मोठी चलती होती. महागावकडील वडीलधारी मंडळी आजही त्याचे नाव घेतात. एकेए ८४०१ सारखी सुधारलेली देशी वाणेही विद्यापीठाने दिली, आणि रजत हे सरळ अमेरिकन वाणही. सरळ वाणाची सरकी राखून पुढील वर्षी पेरता येते. संकरिताचे बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. हा भेद पुढील कथेत महत्त्वाचा ठरला.

यापेक्षा कमी गाजलेली पण कदाचित अधिक टिकाऊ कामेही आहेत. १९७० साली कॅनडा सरकारच्या सहकार्याने भारतात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची देशव्यापी योजना निघाली. अकोला हे तिचे एक केंद्र. जमिनीच्या उतारास आडवी पेरणी करावी, कापसात तुरीच्या ओळी घालाव्यात, अशा शिफारशी तेथे मापून-तोलून सिद्ध झाल्या. त्यांतील एक तर अगदी साधी आहे. पिकात डवरणी चालू असताना, पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, डवऱ्यास दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडावयाच्या. मोठा पाऊस आला तर जास्तीचे पाणी सरीतून सावकाश निघते, आणि पाऊस दडी मारून बसला तर सरीत मुरलेले पाणी पिकास आठ-पंधरा दिवस जगविते. खर्च काय, तर हातभर दोरीचा. विद्यापीठाने काढलेल्या छोट्या डाळगिरणीचीही गोष्ट अशीच. पीकेव्ही मिनी डाल मिल गावातच तुरीची डाळ करून देते. मोठ्या गिरणीस तूर विकून तीच डाळ चढ्या भावाने विकत घेण्याची पाळी त्यामुळे टळते, आणि बचतगटांच्या बायकांस घरबसल्या धंदा मिळतो.

या दोरीशेजारी एक परदेशी उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, स्थापन झाली. काळ्या जमिनीसाठी तेथील शास्त्रज्ञांनी रुंद वरंबा व सरी यांची उत्तम पद्धत बसविली. परंतु ती करण्यासाठी त्यांनी चाकांचे जे बैलअवजार योजिले त्याची किंमत लहान कास्तकाराच्या आवाक्याबाहेरची होती. ते अवजार फारसे पसरले नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच, पाणी सरीत धरून ठेवण्याचे. फरक हा की, एकाने कास्तकाराकडे नवे अवजार मागितले आणि दुसऱ्याने त्याच्याजवळचाच डवरा वापरला. रुंद वरंब्याचे तत्त्व पुढे ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राबरोबर परत आले आणि सोयाबीनच्या पिकात रुजले, पण मध्ये तीस-चाळीस वर्षे निघून गेली.

आता या इतिहासाचा कडू भाग. २६ मार्च २००२ रोजी भारतात बीटी कापसास परवानगी मिळाली. मातीतील एका सूक्ष्मजंतूचा गुण कापसात घालून बोंडअळीस मारक असे वाण करण्याची ही विद्या होती. तिचे पेटंट व परवाने खासगी कंपन्यांकडे. अकोल्याजवळ उत्तम कोरडवाहू वाण होते, पण तो गुण नव्हता. कंपन्यांजवळ तो गुण होता, आणि तो त्यांनी आपापल्या संकरित वाणांतच घातला. काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटीचा झाला. विद्यापीठाचे वाण बाजारातून उठले. दुकानात शेकडो नावांची पाकिटे, प्रत्येकावर निराळे चित्र, आणि त्यांतील कोणते महागावच्या हलक्या बरडावर तग धरील व कोणास ओलीत लागेल हे सांगणारे निःस्वार्थी तोंड कोणाचेच नाही, अशी स्थिती आली. अकोल्याच्याच महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाशी सहकार्य करून पीकेव्ही हायब्रीड २ मध्ये बीटीचा गुण आणण्याचे काम अखेर झाले. परंतु तोवर दीड दशक उलटले होते. खासगी धंद्याने आपला नफा पाहावा यात नवल नाही. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्था इतक्या काळ मागे का राहिल्या, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर एकट्या अकोल्याने द्यावयाचे नाही. संशोधनास पैसा व मोकळीक देणाऱ्या सरकारांनीही ते द्यावयाचे आहे.

त्याच वर्षांत यवतमाळचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जगाच्या वर्तमानपत्रांत गेले. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले व सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. कर्ज, भाव, पाऊस, आजारपण अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली. सर्व दोष बियाण्याच्या माथी मारणे शास्त्रास धरून होणार नाही. तथापि दरसाल बियाणे, खत व औषध विकत घेऊन आभाळाखाली पैजेवर ठेवावयाचे, या रीतीने कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम वाढली, हे नाकारता येत नाही. २०१७ साली तर दोन संकटे एकदम आली. गुलाबी बोंडअळी, जिला जुन्या पुस्तकांत शेंदरी म्हणत, बीटीस दाद देईनाशी झाली. आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. औषधांची मिश्रणे दुकानदाराच्या सल्ल्याने करण्यात आली होती. तोंडावर फडके बांधण्यापलीकडे संरक्षण नव्हते.

या अळीचा उपाय सांगताना विद्यापीठ व नागपूरची कापूस संशोधन संस्था ज्या गोष्टींवर भर देतात त्या लक्षात घेण्याजोग्या आहेत. कापूस डिसेंबरअखेर संपवावा, फरदड घेऊ नये; कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत आणि संख्या वाढल्याशिवाय फवारू नये; आणि पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर ठेवू नयेत, कारण त्यांतील किडक्या बोंडांत अळी उन्हाळा काढते. यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून तो कुजवावा, अशी शिफारस आता सर्वत्र होते. हॉवर्ड व वाड यांनी इंदूरच्या वाटेवर गाडीच्या चाकांखाली जे केले तेच हे. त्या वेळी ते मातीच्या भुकेसाठी होते. आता त्यात किडीचे निर्मूलनही साधते. नव्वद वर्षे ही विद्या इंग्लंड-अमेरिका हिंडून आली असे कोणी विनोदाने म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही.

जगाशी भागीदारी आजही चालूच आहे, किंबहुना वाढली आहे. आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधीच्या साह्याने विदर्भातील सहा संकटग्रस्त जिल्ह्यांत २००९ पासून काही वर्षे एक योजना चालली. यवतमाळ त्यात होते. २०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. हवामान बदलत असता कोरडवाहू शेतीने तग कसा धरावा, हा त्याचा विषय. पंधरा जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावे त्यात आली, यवतमाळ जिल्हाही आला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत मुंबईच्या आय. आय. टी.ने बसवून दिली. गावात पाऊस किती पडला, मुरला किती, वाहून गेला किती आणि पिकांनी प्याला किती, याचा जमाखर्च ग्रामसभेत मांडावयाचा, ही कल्पना जुन्या कुळकर्ण्यासही आवडली असती. रुंद वरंबा-सरीसारख्या शिफारशी याच प्रकल्पातून गावोगाव पोहोचल्या. अशा योजनांचे यश कर्जाच्या आकड्यावरून मोजण्याचा मोह सरकारी अहवालांस होतो. वऱ्हाडच्या अनुभवावरून त्यांची परीक्षा निराळी ठरते: योजना संपून मोटारी परत गेल्यावर कास्तकाराच्या हाती दरसाल विकत न घ्यावी लागणारी अशी कोणती गोष्ट उरली.

या दृष्टीने सध्या कापसात जे प्रयोग चालले आहेत त्यांकडे महागावसारख्या तालुक्याने लक्ष ठेवणे अगत्याचे आहे. फांद्या आखडत्या व लवकर तयार होणाऱ्या वाणांची दाट लागवड करावी, झाड ठेंगणे ठेवावे, सारी बोंडे थोड्या काळात फुटू द्यावीत, म्हणजे पीक लवकर हाती येते आणि गुलाबी अळीस वेळच मिळत नाही, असे त्याचे सूत्र. ब्राझीलसारख्या देशांत असे दाट पीक सरळ वाणांवर घेतात. आपल्याकडे २०२३ पासून केंद्र सरकारने नागपूरच्या संस्थेमार्फत शेतकऱ्यांच्या रानात याचे प्रयोग मांडले आहेत. दाट पेरणीस बियाणे कितीतरी अधिक लागते. ते संकरिताच्या पाकिटांतून आणावयाचे झाले तर खर्च दुणावतो, तिणावतो. सरळ वाण असेल तर पहिल्या वर्षी विद्यापीठाकडून आणलेली सरकी दुसऱ्या वर्षी घरच्या कणगीतून काढता येते. जिनात ती मिसळू नये म्हणून बियाण्याचा कापूस वेगळा ठेवून निराळा सरकावून घ्यावा लागतो, ही बनीच्या काळापासूनची अडचण. तीवर गावाने मिळून एक छोटी जीन चालविणे हा उपाय आहे. अकोल्याच्या कपाटात देशी व सरळ वाणांची शंभर वर्षांची निवड जपून ठेवलेली आहे. ती कपाटाबाहेर काढून पूस-पैनगंगेच्या काठी, हलक्या व भारी अशा दोन्ही जमिनींत, कास्तकाराच्याच हाताने पेरून पाहण्याचे काम अजून पुष्कळसे शिल्लक आहे.